मदत हवी आहे : सेमिनारला गप्प बसणाऱ्या मुलांचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. पुण्यात एम.ए. अर्थशास्त्राला शिकवते. वर्गात नाशिक-नंदुरबारच्या आदिवासी तालुक्यांतली, सुरगाणा, पेठ, अक्कलकुवा इकडची बरीच मुलं आहेत, अनेकजण घरातले पहिलेच पदवीधर. घरी पावरी नाहीतर कोकणा बोली, शाळा मराठीत, आणि इथे संदर्भपुस्तकं बहुतेक इंग्रजीत. लेखी पेपर मराठीत लिहिता येतो, तिथे निभतं. घोडं अडतं ते अंतर्गत गुणांच्या सेमिनारला. सफाईदार इंग्रजी बोलणारी चारपाच मुलं गुण घेऊन जातात.

रोजगार हमीचा १९७७ चा कायदा मी पुस्तकातून शिकवते आणि ज्यांच्या आईवडिलांनी त्या कामावर घमेली उचलली ती मुलं मान खाली घालून बसतात! जाहीरपणे ‘तू सांग तुझ्या गावचं’ म्हणणंही मला बरं वाटत नाही. त्यांना नमुना म्हणून उभं का करायचं?

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१२ च्या नियमांत भेदभाव होऊ नये म्हणून समान संधी कक्ष आहे, पण त्याने माझा तास बदलत नाही.

सेमिनारऐवजी जोडीने गावपाहणी किंवा मराठीत तोंडी परीक्षा असं कुणी केलंय का? गुण कसे दिलेत? विभागप्रमुखांना कसं पटवलंत? पुढच्या सत्राचं नियोजन याच महिन्यात द्यायचंय.