बेळगावात कार डिटेलिंगचं दुकान आहे. रीलला लाईक येतात, दारात गाडी येत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. उद्यमबागेत, खानापूर रोडपासून थोडं आत माझं डिटेलिंगचं दुकान आहे, म्हणजे गाडी आतून-बाहेरून बारकाईनं साफ करणं, पॉलिश करणं आणि रंगावर संरक्षक थर, म्हणजे कोटिंग, लावणं. दोन गाड्या उभ्या राहतील एवढीच जागा. पुण्यात एका स्टुडिओत 4 वर्षं पॉलिशर हातात धरून शिकलो आणि गेल्या दिवाळीनंतर गावी येऊन हे सुरू केलं. कामाची तक्रार अजून कुणाची नाही. अडलंय ते मोबाईलवर.

मे महिन्यात एक रील टाकलं. चाकावर आयर्न रिमूव्हर मारलं की ब्रेकची लोखंडी धूळ विरघळते आणि जांभळे ओघळ सुटतात, तेवढंच वीस सेकंद. 2 लाख लोकांनी बघितलं. लातूरहून मेसेज, दुबईहून मेसेज, आणि "भावा, लिक्विड कुठलं?" हे तर किती जणांनी विचारलं मोजलं नाही. त्याच आठवड्यात समोरच्या किराणा दुकानातले मामा मला विचारतात, "काय ओ, तुम्ही गाड्या रंगवालासा काय?" सहा महिने समोर बसलेला माणूस!

येतात ती गिऱ्हाईकं ओळखीतली. त्यांचंही पहिलं वाक्य ठरलेलं: "धुवायला चारशे? कोपऱ्यावर दोनशेत मारतात की." कोपऱ्यावरचा माणूस ज्या फडक्यानं चाक पुसतो त्यानंच बॉनेट पुसतो. मग गाडी उन्हात लावली की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. हे समजवायला मला काउंटरवर दहा मिनिटं लागतात, व्हिडिओत तीन सेकंदात दिसतं. म्हणून तर हा नाद सोडवत नाही.

एक चूकही सांगून टाकतो. जुलैत एक सात सीटर आली. चोर्ल्यातून गोव्याला जाऊन आलेली, खाली लाल चिखल, मागच्या सीटवर दहीभात सांडून आठवडा झालेला, सीटबेल्टवर बुरशी. काम झक्कास झालं. आधीचं-नंतरचं व्हिडिओ टाकलं, खरं नंबर प्लेट झाकायची राहिली. निपाणीच्या त्यांच्या पाहुण्यांनी गाडी ओळखली. "आमची अब्रू इन्स्टावर घातलास की रे!" रील काढलं, निम्मे पैसे परत दिले. तो माणूस अजून रस्त्यात दिसला तर तोंड फिरवतो.

आता विचारायचं ते. पहिलं म्हणजे भाषा. शहापूर-वडगावची गिऱ्हाईकं मराठी, गोकाक-बैलहोंगलकडची कन्नड, कॅम्पातले मिलिटरीवाले हिंदी. दुकानाचा बोर्ड नियमाप्रमाणे 60 टक्के कन्नडात आहे, तो विषय संपला. खरं रीलखाली काय लिहू? मराठीत लिहिलं की कमेंटमध्ये भांडण, कन्नडात लिहिलं की घरचेच टोमणे मारतात, इंग्रजीत लिहिलं की भांडणही नाही आणि वाचतही कोण नाही. (सीमाप्रश्न 1956 पासून चालू आहे, तो कृपया या धाग्यात सोडवू नका.)

दुसरं, एक एजन्सीवाला महिन्याला 12 हजार मागतोय. पंधरा पोस्ट देणार म्हणे. त्यातल्या सहा सणांच्या शुभेच्छा! द्यावेत का?

निपाणीकर : मी टायर-अलाइनमेंटवाला. एजन्सीला पैसे देऊ नका. संकष्टीच्या शुभेच्छा बघून कोण कोटिंग करायला येत नाही. तुमचा घोळ वेगळा आहे. रील बघणारा करमणूक म्हणून बघतो, गाडी धुवायची असली की तोच माणूस गुगल मॅपवर शोधतो. तिथं तुमचं प्रोफाईल आहे का? फुकट असतं. वेळ, फोन, दर आठवड्याला दोन खरे फोटो. किल्ली परत देताना माणूस गाडीभोवती फिरून खूश होतो, बरोबर त्या मिनिटाला क्यूआर पुढं करून रिव्ह्यू मागा. रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट मात्र देऊ नका, गुगलच्या नियमात ते बसत नाही.

आणि व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. ब्रॉडकास्टच्या एका यादीत 256 लोक बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. त्यामुळं किल्ली देतानाच नंबर सेव्ह करून घ्या. माझा निम्मा धंदा स्टेटसवर चालतो.

हिंडलगेकर : भाषेचं उत्तर सोपं आहे, कमी लिहा. स्क्रीनवर फक्त आकडे: किती तास लागले, किती रुपये. बोलायचं असलं तर काउंटरवर बोलता तसं बोला. गिऱ्हाईक कन्नड असेल तर त्याच्या गाडीसमोर त्याच्याशी कन्नडात चाललेलं बोलणं तसंच राहू दे. इथं सगळेच दोन्ही कानांनी ऐकतात.

जाहिरातीला पैसे घालायचेच असतील तर दुकानाभोवती वीस किलोमीटरचं वर्तुळ टाका, नाहीतर पैसे परत लातूरला जातील. त्या वर्तुळात शिनोळी येते, म्हणजे चंदगडची एमएच-09 गिऱ्हाईकंही आलीच. ती बाजाराला बेळगावातच असतात. आणि वर्षभर नको, खंडेनवमीच्या आधी आठ दिवस. पूजेला गाडी चकाचक पाहिजे हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

गाडीवेडा : निपाणीकरांशी सहमत, पण रील बंद करू नका. आलेला माणूस विश्वास ठेवायच्या आधी तेच चाळतो. एक विनंती, "नाईन एच कोटिंग, दगड लागला तरी ओरखडा नाही" असलं काही टाकू नका (नाईन एच म्हणजे कडकपणाचा आकडा). सिरॅमिक कोटिंगनं पाणी टिकत नाही, धूळ पटकन निघते, चमक राहते. हायवेवर खडीच्या ट्रकमागून उडालेला दगड ते अडवत नाही, त्याला पीपीएफ लागतो, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म. हे तुम्ही स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगितलंत तर मी गाडी घेऊन येतो. मला आधी एकानं नेमकं उलटं सांगून फसवलंय.

धागाकर्ता : सगळ्यांचे आभार. एजन्सीला नाही म्हणून कळवलं. नंबर प्लेटवर लावायला दुकानाच्या नावाची पट्टी करायला टाकली आहे, म्हणजे झाकलंही जाईल आणि नावही दिसेल.

निपाणीकर, तुमचं वाचून मॅप उघडला. प्रोफाईल होतं, सुरुवातीला भावानं घाईत केलेलं. पिन पडलाय मागच्या गल्लीत, फौंड्रीच्या गेटावर! संध्याकाळी जाऊन वॉचमनला विचारलं, कोण येतं का हो इकडं गाडी धुवायला म्हणून. तो म्हणाला, "येतात की आठवड्याला दोन-तीन. इथं काय न्हाई म्हणून मी परत लावून देतो."