ढलप्या विका, पण बेकऱ्यांच्या भरवशावर नको

दादा, वखार टाकून बेकऱ्यांना जळाऊ लाकूड घालायचा तुमचा विचार वाचला. कृपा करून त्यावर सगळं भांडवल लावू नका. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्येच मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलंय. हे गिऱ्हाईक आटतच जाणार.

पेटवणाच्या ढलप्यांचं मात्र वेगळं आहे. होमहवनाला आंब्याची सुकी लाकडं आणि समिधा लागतात, कर्जत-अलिबागच्या शेतघरांवर शेकोट्या पेटतात. त्यांना मोळी नको असते, घरी नेता येईल अशी छोटी, कोरडी पिशवी हवी असते.

कोरडेपणा हाच खरा माल. ओल्या लाकडाच्या वजनात निम्मंसुद्धा पाणी असू शकतं; ते धुमसतं, डोळ्यांत धूर जातो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा: सुकलेल्या खणखणतात, ओल्या बद्द वाजतात. कापलेल्या टोकाला भेगा पडलेल्या दिसल्या पाहिजेत. आपल्या पावसाळ्यात ताडपत्री फक्त वरून टाका, बाजू उघड्या ठेवा, आणि थर जमिनीपासून वर उचलून रचा. चहूबाजूंनी गुंडाळलंत तर बुरशी धरलीच समजा.

भिवंडीच्या गोदामांतली पॅलेटं (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) स्वस्त पडतात, म्हणून मोह होईल. फोडण्याआधी त्यांच्यावरचा शिक्का बघाच. एचटी म्हणजे फक्त उष्णतेने प्रक्रिया केलेलं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी कीटकनाशक वायूची धुरी दिलेली, ते घेऊच नका. रंगवलेलं लाकूड आणि प्लायचे तुकडेही नकोत, कुणी फुकट दिले तरी.