बॉक चॉयला पाणी सुटतं त्याबद्दल
कुणीतरी विचारलंय की बॉक चॉय (जाड देठांची चिनी पालेभाजी) परतला की पाण्यात पोहायला लागतो आणि पानांचा लगदा होतो, तर त्यात भाजीचा दोष नाही, बहुतेक वेळा ती धुवून तशीच ओली कढईत जाते आणि कढईही पुरेशी तापलेली नसते. धुतल्यावर चाळणीत नीट निथळू द्या, जमलं तर फडक्याने टिपून घ्या. (आणि धुताना देठ सुटे करा हो, सगळी माती बुडाशीच दडलेली असते.) देठ आणि पानं वेगळी चिरायची, आधी देठ मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटं, मग पानं टाकून अर्धा मिनिट, बस्स. मीठ नाहीतर सोया सॉस अगदी शेवटी, आधी घातलं की पाणी सुटणारच. आणि एकदम ढीगभर भाजी टाकू नका, कढई गार पडते आणि मग भाजी परतली न जाता नुसती शिजत बसते.

गाय लानचं (म्हणजे चिनी ब्रोकोलीचं) मात्र वेगळं आहे, त्याचे दांडे जाड आणि चव थोडी कडवट, ते उकळत्या मिठाच्या पाण्यातून मिनिटभर काढून मगच लसणावर परतलेले बरे, वरून ऑयस्टर सॉस (कालवांचा दाट, खारट-गोडसर सॉस). चॉय सम (पिवळ्या फुलांची चिनी पालेभाजी) आला तर फुलं काढून टाकू नका, तीही खातात. कांगकाँगचे (ही पाण्यात वाढणारी पालेभाजी) देठ पोकळ, पटकन होतात, झाकण अजिबात नको. नापा कोबी (लांबट चिनी कोबी) मला परतण्यापेक्षा सूपमध्येच आवडतो, पण ते आपलं माझं मत.