मास्टर पिल्लईवर हसायचं की नाही, हे आता सोसायटी ठरवणार?

नौपाड्याचा नाना: परवा इथेच एकाने लिहिलं, 'सोसायटीच्या गणपतीत पडद्यावर पडोसन नको, दाक्षिणात्यांची टिंगल आहे, आपल्याकडे तमिळ कुटुंबं राहतात.' डोकंच फिरलं. अहो, १९६८चा हिंदी विनोदी सिनेमा! त्यात ब्रह्मचर्याश्रमाचा हिशेब मांडणारा भोला बावळट, म्हातारपणी बाशिंग बांधायला निघालेला मामा चालू, विद्यापती तर लबाडांचा राजा. तुम्हाला एकटा गाणं शिकवणारा तमिळ मास्टर पिल्लईच दिसला? उद्या मोदकही बंद करा, मधुमेह्यांच्या भावना दुखावतात.

सेक्टरवाला, नेरूळ: त्या बावळट भोलाला शेवटी मुलगी मिळते हो! मास्टर शिकलेला गवई, तरी हरतो. कुणाकडून? नुसते ओठ हलवणाऱ्याकडून, गातोय लपलेला विद्यापती, म्हणजे किशोर कुमार. वर लग्नात रडायलाही तोच. ही सगळ्यांची सारखी चेष्टा? आणि काळ बघा. १९६६ला शिवसेना निघाली, ६७ला ठाणे नगरपालिका घेतली, 'बजाव पुंगी, हटाव लुंगी' तेव्हाचंच. त्या हवेत हा मास्टर आला.

नौपाड्याचा नाना: कथा मुळात बंगाली, निर्माता मेहमूद, मास्टर झालाय तोही तोच. सेनेचा काय संबंध? १९६५च्या 'गुमनाम'मध्ये हाच मेहमूद लुंगी नेसून 'हम काले हैं तो क्या हुआ' नाचला. तेव्हा सेना जन्मालाही आली नव्हती.

सेक्टरवाला, नेरूळ: म्हणजे टिंगल आधीपासूनच चालू होती. पुरावा दिल्याबद्दल आभारी आहे.

अय्यरांकडची सून: माझे सासरे तेव्हा माटुंग्याला होते. उडुपी हॉटेलांवर दगड पडायचे त्या दिवसांत संध्याकाळ झाली की दुकानाचं शटर अर्धं ओढून बसायचे. आजही 'एक चतुर नार' लागलं की टीव्हीचा आवाज वाढवतात, त्यात मास्टरसाठी गायलेले मन्ना डे म्हणजे त्यांचं दैवत. गाणं संपून मास्टर बोलायला लागला की रिमोट उचलतात. कधी तक्रार केली नाही. म्हणून त्यांना काही वाटत नाही, असं मात्र कुणी मला सांगू नये.

कोपरीचा बंड्या: ताई, तुमचं ठीक आहे, पण आपल्या मराठी माणसाचं कोण बघतं? हिंदीत आपण एकतर हवालदार, नाहीतर धुणीभांडी करणारी बाई. माझी आई मुख्याध्यापिका. दिल्लीच्या एका लग्नात नऊवारीत बघून एकीने तिच्या हातात उष्ट्या ताटल्या दिल्या! यावर का नाही धागा निघत?

पामबीच: निघालाच की आता. आणि 'हेरा फेरी'तला घरमालक बाबूराव आपटे? मळकं धोतर, भिंगाचा चष्मा, बाटली. त्याच्यावर तर आपणच लोळून हसतो.

कोपरीचा बंड्या: बाबूरावला हात लावायचा नाही! तो आपला माणूस आहे.

पामबीच: कसला आपला? १९८९च्या मल्याळम सिनेमातला घरमालक तो. २००० साली त्याला आपटे आडनाव चिकटवलं. दिग्दर्शक मल्याळी, नट गुजराती. आपलं फक्त तिकीट.

कोपरीचा बंड्या: तुम्हाला माणूस कळतच नाही. भाडं थकवणाऱ्या पोरांना घरात ठेवतो तो. घोडबंदरला असा एक घरमालक दाखवा, अख्खं डिपॉझिट त्याच्या पाया पडून देतो! माझं अजून एकाकडे अडकलंय, रंगकामाच्या नावाखाली.

सेक्टरवाला, नेरूळ: डिपॉझिटचं रडगाणं दुसरीकडे गा. मुद्दा साधा आहे. 'वस्त्रहरण' नाटक गडकरी रंगायतनला बघताना आम्ही मालवणी पोट धरून हसलो, कारण लेखक गवाणकर काय, नट मच्छिंद्र कांबळी काय, कोकणातलेच. घरचा माणूस घरच्यांची पिसं काढत होता. मास्टरच्या मागे कोण तमिळ होतं?

नौपाड्याचा नाना: मग या नियमाने बाबूरावही बाद. सांगा बंड्याला.

कोपरीचा बंड्या: मी काही ऐकलेलं नाही.

सेक्टरवाला, नेरूळ: बाद म्हणा हवं तर. बंदी घाला असं मी म्हटलंच नव्हतं. दाखवायच्या आधी शेजाऱ्याचं दार वाजवा, एवढंच.

नौपाड्याचा नाना: घ्या, महाराज खाली उतरले! बरं, मास्टरचं ते 'अय्यो' तिसऱ्यांदा रटाळ होतं, एवढं मी देतो. वर काही मिळणार नाही. शनिवारी पडोसनच लागणार. विचारून येतो सगळ्यांना, झालं समाधान?

अय्यरांकडची सून: वर्गणीला वर येता तसेच या म्हणजे झालं. वॉचमनच्या इंटरकॉमवरून विचारू नका.