मदत हवी आहे: बेघरांच्या फुटबॉल विश्वचषकासाठी परभणीचा पोरगा पात्र ठरेल का?

नमस्कार मंडळी,

मी परभणीचा. एसटीत २६ वर्षं वाहक होतो, आता रिकामा. महापालिकेच्या बेघर निवाऱ्यात संध्याकाळी जाऊन बसायची सवय लागली आणि तिथल्या पोरांना फुटबॉल खेळवायला लागलो. तरुणपणी विभागाच्या संघातून खेळलोय, तेवढीच माझी लायकी. शिट्टी मात्र अजून ड्युटीवरचीच.

यातला एक जण वेगळा आहे. नाव लिहीत नाही. वडील वारले, माय ऊसतोडीला जाते. गावातलं माळवदाचं घर बसलं, ते पुन्हा उभं राहिलंच नाही. आधी तोही मायसोबत जायचा, दोघं मिळून एक कोयता (तोडणाऱ्या जोडीला कोयता म्हणतात), मुक्काम फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. आता दोन वर्षं झाली, मोंढ्यात हमाली करतो आणि निवाऱ्यात झोपतो. एक ट्रक रिकामा झाला आणि दुसरा यायला वेळ असला की गोदामाच्या भिंतीवर बॉल मारत बसतो. परत आलेला बॉल न थांबवता पुन्हा भिंतीवर. त्या भिंतीचा चुना गुडघ्याच्या उंचीवर एका पट्ट्यात गेलाय, बाकी भिंत शाबूत. गोदामवाला ओरडतो, पण बघत पण बसतो.

या स्पर्धेचं मी मोबाईलवर पाहिलं. २०२४ ला सोलमध्ये झाली, २०२५ ला ऑस्लोत. मैदान लहान, कडेनं फळ्या, बॉल फळीवर आपटून खेळायचा. म्हणजे याचं गोदामच की!

तर माझं विचारणं असं. हा पोरगा त्यांच्या हिशोबात बेघर धरतात का? गावात नाव आहे, रेशनकार्डात नाव आहे, फक्त घर नाही. नाव कुणाकडे द्यायचं? कागदांचा तर घोळच आहे. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी २००४, शाळेच्या दाखल्यावर १ जून २००६. (आमच्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनलाच असतो, गुरुजींची कृपा.)

मध्यंतरी स्वतःला कोच म्हणवणाऱ्या एकाने ‘एन्ट्री फी’ म्हणून ३५ हजार सांगितले. पोराने ऊसतोडीच्या मुकादमाकडे उचलीचं, म्हणजे आगाऊ पैशाचं, बोलूनही ठेवलं होतं. वेळेवर कळलं म्हणून बरं.

आणि अजून एक. ‘बेघर’ म्हटलं की त्याचं डोकं फिरतं. म्हणतो, “मास्तर, माझं गाव हाय, माय हाय. मी कामून बेघर?” यावर काय बोलावं ते मला सुचत नाही.

गोदाथडी:
मास्तर, त्या ‘कोच’ला एक रुपया देऊ नका. फी भरून तिथं जाता येत नाही. प्रत्येक देशात त्यांची एक भागीदार संस्था असते, संघ तीच निवडते आणि तीच नेते.

पात्रतेचं सांगतो. वय १६ पूर्ण हवं आणि आधी या स्पर्धेत खेळलेला नसावा. एका खेळाडूला आयुष्यात एकदाच संधी. मागच्या वर्षीच्या स्पर्धेनंतर कधीतरी तो बेघर राहिलेला असला पाहिजे, आणि बेघर कोण हे त्या त्या देशाच्या व्याख्येप्रमाणे ठरतं. याशिवाय निर्वासितांसाठी, व्यसनमुक्ती उपचार घेणाऱ्यांसाठी वेगळ्या अटी आहेत. रस्त्यावर मासिक विकून पोट भरणारेही चालतात. ते वाचून मलाही नवल वाटलं होतं, पण स्पर्धेचा जन्मच तिथला आहे. बेघर लोक विकतात त्या मासिकांच्या संपादकांची २००१ मध्ये केपटाउनला परिषद होती. तिथं स्कॉटलंडचे मेल यंग आणि ऑस्ट्रियाचे हॅराल्ड श्मीड यांच्या बोलण्यातून ही कल्पना निघाली. पहिली स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझला झाली, १८ संघ होते.

आपल्याकडे जनगणनेत बेघर म्हणजे उघड्यावर, फूटपाथवर, पुलाखाली, जिन्याखाली, मोठ्या पाइपात, देवळात, प्लॅटफॉर्मवर राहणारे. गावच्या रेशनकार्डात नाव असलं तरी तो रात्री कुठं झोपतो ते महत्त्वाचं. निवाऱ्याच्या रजिस्टरात रोजची नोंद असेल ना? माझ्या मते तोच तुमचा सगळ्यात भक्कम कागद. व्यवस्थापकाकडून सही-शिक्क्यासह उतारा घेऊन ठेवा.

उगाचच:
इथं आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येतं आणि तुम्ही पोरं फॉरेनला पाठवायला निघालात. चालू द्या.

नागपूरची:
@उगाचच, पाण्याचा धागा वेगळा काढा, तिथंही येते मी.

काका, भारताचा संघ आमच्या नागपूरहून जातो. विजय बरसे सर, हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिक्षक होते. पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली आणि त्यांनी पोरांना बॉल आणून दिला, ही गोष्ट आता ‘झुंड’ सिनेमामुळे सगळ्यांना माहीत आहे. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभं राहिलं, आता ‘स्लम सॉकर’ म्हणतात. त्यांची ‘नॅशनल इन्क्लुजन कप’ नावाची देशपातळीवरची स्पर्धा असते, वेगवेगळ्या राज्यांची मुलंमुली येतात. थेट विश्वचषकाचा विचार करू नका, आधी तिथं पोचायचं बघा. मुलींचंही घ्या मनावर, २००८ पासून महिलांची वेगळी स्पर्धा आहे.

आणि त्याला बाहेरच्या बाहेर तयार करू नका. नागपूरला आणून चार दिवस खेळू द्या. फळीवर खेळणं वेगळं आणि समोर तीन जण अंगावर येत असताना खेळणं वेगळं.

मास्तर परभणी (धागाकर्ता):
ताई, नागपूरची गाडी माझ्या पाठ आहे, घेऊन येतो. पण खेळाचे नियम नीट सांगा की. मी पाच-पाच जणांचे संघ करून खेळवतोय.

गोदाथडी:
पाच नाही, चार. तीन मैदानात, एक गोलकीपर. संघात एकूण आठ, बदली कितीही वेळा. मैदान २२ बाय १६ मीटर. सात-सात मिनिटांचे दोन डाव. गोलकीपरने गोलपुढच्या अर्धवर्तुळाबाहेर यायचं नाही आणि बाकीच्यांनी आत शिरायचं नाही, हे आत्तापासून अंगवळणी पाडा. नव्या पोरांचे फाउल इथंच होतात. बरोबरी झाली तर पेनल्टीवर निकाल. सरळ जिंकलं तर ३ गुण, पेनल्टीवर जिंकलं तर २, पेनल्टीवर हरलं तरी १.

चौदा मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं. एकदा खेळून बघा, जीभ बाहेर येते.

टपालपेटी:
पासपोर्टचं मी सांगतो, रोज तेच बघतो. दोन कागदांवर दोन तारखा घेऊन अर्ज केलात की फाइल अडकलीच म्हणून समजा. आधी तारीख एक करा. आधारवरची जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते, त्यामुळे घाईत सेतूवाल्याच्या सांगण्यावरून काही टाकू नका. कुठली तारीख कायमची ठेवायची ते ठरवा, मगच हात लावा. त्याचा जन्म २०२३ च्या आधीचा, म्हणून जन्मदाखला नसला तरी शाळा सोडल्याचा दाखला जन्मतारखेसाठी चालतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांनाच जन्मदाखला सक्तीचा आहे.

पत्ता आधारवर गावचा आहे की निवाऱ्याचा? पोलीस पडताळणीला माणूस तिथं सापडला पाहिजे. घर पडलेल्या गावचा पत्ता दिलात तर हवालदार पडक्या भिंती बघून परत जाईल. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाच्या दाखल्यावर आधारचा पत्ता बदलता येतो.

मास्तर परभणी (धागाकर्ता):
सगळ्यांचे आभार. दोन दिवस उशिरा लिहितोय, उरसाची गर्दी होती, निवाऱ्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

तारखेसाठी त्याच्या मायला फोन लावला. ती कारखान्यावर आहे, फडातूनच बोलली. म्हणाली, पोरगं कोपीतच झालं, दिवाळी होऊन गेली होती, थंडी लई होती, रातच्याला कारखान्याचा भोंगा वाजला ते ध्यानात आहे. साल कोणतं ते तिला सांगता येईना. म्हणजे १ जून तर नक्कीच खोटा. १ जानेवारी अंदाजाने लिहिलेली असली तरी तीच जवळची निघाली! पण साल? शाळेच्या हिशोबाने चाललं तर २००६ बरोबर वाटतं, त्याच्या बरोबरीची पोरं त्याच सालातली आहेत.

टपालपेटी दादा, अशा वेळी दाखल्याची तारीख धरून आधार बदलावं, की शाळेत अर्ज करून दाखलाच दुरुस्त करून घ्यावा? सोमवारी दाखल्याची दुय्यम प्रत मागायला शाळेत जायचंच आहे, तेव्हाच बोलून टाकतो.

‘बेघर’वरून तो अजून धुसफुसतोच आहे. त्याला एवढंच सांगितलं की जर्सीवर देशाचं नाव असतं, बाकी काही लिहिलेलं नसतं. काही बोलला नाही. काल चौघा-चौघांचे संघ केले, निवाऱ्याची कंपाउंड भिंत एका बाजूला आणि वाळू भरलेली बारदानं दुसऱ्या बाजूला. गोलकीपर सारखा चुन्याच्या रेघेबाहेर येत होता, तर माझ्या आधी हाच ओरडला, “ए, आत राय!”

ताई, इन्क्लुजन कपची निवड कधी आहे तेवढं विचारून कळवा.