बाबांसोबत भाजलेलं, घडवलेलं: तुमचे अनुभव लिहा

मोहाची सावली
काल भावाचा व्हिडिओ कॉल आला. तो दिग्रसजवळ शेती करतो. कुकरमध्ये केक होत होता आणि भाची ओट्यापाशी पाटावर उभी राहून झाकणाकडे एकटक बघत होती. "आत्या, शिट्टी काढली आहे, ती आज वाजणार नाही!" फोन ठेवला आणि बाबांनी शेतात निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे रोडगे आठवले.

बाबा घरात कधी चुलीपाशी बसले नाहीत. गावात कुणाचेच बसत नसत. पण तूर सोंगून झाली की शेतात रोडग्यांचा बेत ठरायचा आणि तो स्वयंपाक सगळा पुरुषांचा. आम्ही पोरं त्यांच्या हाताखाली. जाडसर दळलेल्या कणकेत ओवा, मीठ, हळद, तेलाचं मोहन, आणि मळायची घट्ट. लहान पुऱ्या थापायचं काम माझं. बाबा एकेकीला तेल लावून थर रचत आणि वरून मोठ्या पुरीत बांधून गोळा वळत. गोवऱ्यांचा जगरा पेटला की धूर पुरता जाईपर्यंत कुणाला घाई करू देत नसत. धुरात टाकला तर रोडगा वरून काळा, आतून कच्चा. निखारे लाल झाले की मांडायचे, फिरवत राहायचे, मग गरम राखेत पुरायचे. शेवटी जाड फडक्यात घालून दोन टोकं आम्ही भावंडांनी धरायची आणि झुलवून राख झाडायची. बाबा रोडगा फोडत तेव्हा आतले पदर सुटे होत आणि तूप थेट तळापर्यंत जाई.

बाबांशी माझं सगळ्यात जास्त बोलणं त्या जगऱ्यापाशी झालं. घरात ते फार कमी बोलत. तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा. आत्ता लेकरांसोबत काही करणाऱ्या बाबांनी तर नक्की लिहा.

अकोल्याचा भाऊ
ताई, काय आठवन काढली वो! आमच्याकडं मारुतीच्या पारावर रोडगे रायचे. माहा बाप वांग्याच्या भाजीचा उस्ताद. आम्ही पोट्ट्यांनी वांगे चिरून मिठाच्या पान्यात टाकाचे, बाप चाकून पाहे आन मंग माह्याच हातानं मीठ टाकाले लावे. आता मी माह्या पोराले लावतो.

सेलूकर
आमच्या वर्धा जिल्ह्यात पानगे. पळसाच्या दोन पानांमध्ये कणिक दाबायची आणि निखाऱ्यावर ठेवायची. पान जळून गेलं की पानग्यावर शिरांची नक्षी उमटते. माझा मुलगा खायच्या आधी त्यावरून बोट फिरवत बसतो. पानं तोडायला आम्ही दोघंच जातो, ते आमचं ठरलेलं आहे.

संत्र्याची बाग
वरुडकडे पाऊस उघडला का कुणी सांगेल? फळगळ सुरू झाली आहे, जीव लागत नाही कशात.

सेलूकर
संत्र्याची बाग, काल दुपारपासून उघाड आहे म्हणाला मेव्हणा. बागेत पाणी साचू देऊ नका, आधी चर मोकळे करा.

लेकीचा बाप, घाटंजी
मीही केकवाला बाप. आमच्याकडे भारनियमनाचा भरवसा नाही, म्हणून ओव्हन घेतलाच नाही. कणिक, गूळ, दही, खायचा सोडा, तेल. कुकरच्या तळाला मीठ पसरून जाळी, शिट्टी आणि रबर दोन्ही काढायचं, पाणी नाही. लेक विचारते, फुगतो कसा? एका वाटीत दही घेऊन तिलाच सोडा टाकायला लावला. बुडबुडे आले तशी ओरडली, "बाबा, हे उकळतंय!" मग सांगितलं की दह्याचा आंबटपणा आणि सोडा भेटले की वायू सुटतो, तोच केकला वर उचलतो. आता पाहुणा आला की वाटी घेऊन प्रयोग दाखवते.

शिंपीणबाई
घाटंजीचे भाऊ, कुकर कोरडा तापवून कमजोर होतो हो. जाड बुडाचं जुनं पातेलं घ्या, वर घट्ट झाकण आणि वजन. लेकरू जवळ असते म्हणून सांगते.

लेकीचा बाप, घाटंजी
बरोबर आहे ताई. या रविवारी पातेल्यातच करतो.

सुताची गुंडी
आजोबा सेवाग्रामला नई तालीममध्ये शिकले. 1937 च्या वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेली ती कल्पना: हाताला उद्योग द्यायचा आणि त्यातूनच गणित, भाषा शिकवायची. आजोबांकडून ते बाबांकडे आलं. वेचणीच्या दिवसांत बाबा मूठभर कापूस घरी आणत, आम्ही सरकी काढायचो, बाबा पेळू, म्हणजे कातायच्या कापसाच्या वळकट्या, करत आणि तकली माझ्या हातात देत. सूत तुटलं की रागावत नसत, दोन टोकांना पीळ देऊन जोडायला शिकवत. माझे पाढे तिथे पाठ झाले. शाळेत नाही. प्रत्येक गावात हे व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

उमरेडची सून
पोळा जवळ आला की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मिस्टर गेले तेव्हा मुलगा अंगणवाडीत होता. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याला, सगळ्या पोरांचे लाकडी बैल निघाले आणि हा दारात उभा. सासरे काही बोलले नाहीत. घरातला सागाचा तुकडा काढला आणि ओसरीत बसले. मुलगा समोर पॉलिश पेपर घेऊन. शिंगं मामंजींनी केली, पाठ त्यानं घासली, इतकी की अजून हाताला गुळगुळीत लागते. डोळे दोघांनी मिळून रंगवले. पुढच्या वर्षी तो बैल घेऊन घरोघरी गेला, बोजारा, म्हणजे बैलाची ओवाळणी, आणला आणि सगळे पैसे आजोबांच्या हातावर ठेवले.

मोहाची सावली
उमरेडच्या ताई, डोळे भरून आले. मामंजींना माझा नमस्कार सांगा.

अकोल्याचा भाऊ
बहिनी, पोराले म्हना पोळ्यात म्हनाच्या झडत्या पाठ कर, अकोल्याचा मामा आयकाले येनार हाय.

स्टेअरिंग
ट्रकवर आहे, ढाब्यावर थांबून लिहितो. बाबाही ड्रायव्हरच होते. घरी आले की ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी करून देत. वरची साल चिरून काड्या, आतला गाभा कापून चाकं, काडी खुपसली की जोड पक्का. ना खिळा ना गोंद. मी पोरीला फोनवरून सांगत सांगत करायला लावली. चाक जरा वाकडं आहे, पण गाडी चालते. फोटो डॅशबोर्डवर लावला आहे.

शिंपीणबाई
दादा, जपून चालवा.

नागपुरात नोकरी
आमच्या गावी होळीच्या आधी बाबा आणि मी शेणाच्या चाकोल्या करायचो, मधे बोटानं भोक पाडून वाळवायच्या. फ्लॅटमध्ये शेण कुठून आणू? पोराला मातीच्या करायला दिल्या. तो खूश आहे.
आणि एक विचारायचं होतं, रोडग्याची कणिक जाडसर म्हणजे किती?

मोहाची सावली
रव्यापेक्षा बारीक, पोळीच्या कणकेपेक्षा जाड. चक्कीवाल्याला नुसतं "रोडग्याचं" सांगा, तो बरोबर दळून देईल.