ग्रीक मुखवट्यांमुळे नटाचा आवाज खरोखर मोठा होत असे का?

प्रश्न
आमची हौशी नाट्यसंस्था इ. स. पूर्व पाचव्या शतकातील ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या ‘बॅकी’ या शोकांतिकेचा प्रयोग मुखवटे लावून करणार आहे. ग्रीक मुखवट्याच्या तोंडाशी कर्ण्यासारखी रचना असे आणि त्यामुळे नटाचा आवाज हजारो प्रेक्षकांपर्यंत पोहोचे, असे मी आजवर ऐकत आलो आहे. तालमीत मात्र आमच्या कागदी लगद्याच्या मुखवट्यांमुळे शब्द दबतात. मूळ मुखवटे कसे होते?

उत्तर १
रंगमंचावर वापरलेला एकही मुखवटा आज शिल्लक नाही, कारण ते कडक केलेल्या तागाच्या कापडासारख्या हलक्या, नाशवंत वस्तूंचे असत. आपल्याला दिसतात त्या मातीच्या आणि संगमरवरी प्रतिकृती. नेपल्सच्या संग्रहालयातील इ. स. पूर्व ४०० च्या सुमाराच्या ‘प्रोनोमोस’ कलशावर नट आपापले मुखवटे हातात धरून उभे आहेत. ते केसांसह पूर्ण डोके झाकणारे असून त्यांची तोंडे बेताचीच उघडी आहेत. मोठा आ वासलेले तोंड, कपाळावरचा उंच केशसंभार आणि जाड तळव्यांची पादत्राणे हे सारे नंतरच्या काळातले. युरिपिडीसच्या नटांचे बूट मऊ तळव्यांचे होते. त्यामुळे कर्ण्याची कल्पना मला पटत नाही. आवाज पोहोचे तो डोंगरउतारावरील पायऱ्यांच्या रचनेमुळे आणि नटांनी कमावलेल्या गळ्यामुळे. आपण तोंडाची फट रुंद करावी आणि मुखवटा ओठांपासून थोडा दूर राहील असे अस्तर लावावे.

उत्तर २
मुखवट्याचा खरा उपयोग भूमिका बदलण्यासाठी होता, कारण सर्व पात्रे तीनच नट, तेही पुरुष, साकारत. ‘बॅकी’त थीब्जचा राजा पेन्थिअस आणि त्याची आई अगावे या भूमिका एकाच नटाकडे असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात. डायोनिसस देवाने वेड लावलेली अगावे, आपणच मारलेल्या मुलाचे शिर सिंहाचे समजून मिरवत येते, तेव्हा तिच्या हाती बहुधा पेन्थिअसचाच मुखवटा असे. म्हणजे नट काही वेळापूर्वीचा स्वतःचाच चेहरा हातात घेऊन बोलत असे. इतका भेदक प्रसंग मला दुसऱ्या कोणत्याही नाटकात आढळलेला नाही. कृपया त्यासाठी वेगळे शिर बनवू नका.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. मद्याचा देव डायोनिसस याचा मुखवटा कसा असावा?

उत्तर २
हसरा. संहितेतच त्याच्या हसऱ्या चेहऱ्याचा उल्लेख आहे, आणि शेवटच्या विध्वंसातही ते हसू तसेच राहते. हातात मात्र आयव्हीच्या पानांनी मढवलेला थिर्सस हा दंड हवाच.